उंबऱ्याआधी वाट बुडते: पंचगंगेचा इशारा कसा वाचायचा आणि घर कधी सोडायचं

२०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरात आबांचं एकच पालुपद चालू होतं. "२००५ ला पाणी कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत आलं आणि फिरलं. त्याच्या पुढं येत नाही ते." रात्री अडीचला पाणी पिंपळाला वळसा घालून आमच्या खालच्या पायरीला लागलं. उंबरा अजून हातभर वर होता, घर कोरडं ठणठणीत होतं. पण गल्लीचं तोंड आमच्यापेक्षा खोलगट. तिथं छातीएवढं पाणी होतं, वीज गेलेली, आणि त्या काळोखात कुठं रस्ता संपतो आणि कुठं गटार सुरू होतं हे कळायला मार्ग नव्हता. सकाळी बोटीतून निघालो. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या फ्रिजवरच राहिल्या.

त्या रात्रीनंतर मी पुराचा हिशेब वेगळ्या पद्धतीनं मांडायला लागलो. तोच इथं सविस्तर लिहितोय. उदाहरणं कोल्हापूरच्या पंचगंगेची आहेत, कारण मला तीच नदी ठाऊक आहे. सांगली, चिपळूण, महाड, कऱ्हाडच्या माणसानं आकडे आपापले घालावेत.

राजाराम बंधाऱ्याचा आकडा म्हणजे काय

पावसाळ्यात कोल्हापूरच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो: राजाराम बंधारा पाणी पातळी अमुक फूट अमुक इंच, पाण्याखालील बंधारे इतके. कसबा बावड्याजवळच्या या बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीला हेच काम आयर्विन पूल करतो. तिथं इशारा ४० आणि धोका ४५ फुटांना. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. २०२४ च्या जुलैत पाणी ४७ फुटांच्या आसपास जाऊन उतरलं.

हा आकडा तुमच्या गल्लीतल्या पाण्याची खोली नव्हे. तो एका ठरलेल्या जागी रोवलेल्या मोजपट्टीवरचा आकडा आहे. "४३ झालं तरी आमच्याकडं काही नाही" असं एकानं म्हणणं आणि "३९ लाच आमचा रस्ता बंद" असं दुसऱ्यानं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. नदीकाठच्या प्रयाग चिखली, आंबेवाडी गावच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. ते आकडा ऐकूनच जनावरांचं दावं सोडायला उठतात. गोंधळ आम्हा शहरातल्या लोकांचा होतो.

एक आकडा घेऊन काहीच कळत नाही. किमान तीन वाचनं लिहून काढा, वेळेसकट. सकाळी ८ ला ३७ फूट ४ इंच, दुपारी १२ ला ३८ फूट २ इंच, ४ ला ३९ फूट. म्हणजे चार तासांत दहा इंच, तासाला अडीच इंच. हा वेग कळला की पुढचं गणित तुमच्या हातात आलं. आणि वाचन घ्यायचं ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या मेसेजमधूनच. कुणीतरी पुढं ढकललेल्या, तारीख नसलेल्या फोटोवरून नाही. दर पावसाळ्यात जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरतो आणि अर्धी पेठ घाबरते, आणि मग खरा इशारा आला की त्याच पेठेला तो खोटा वाटतो.

वरची खबर: पाऊस, धरण, दरवाजे

हवामान खात्याचे रंग बहुतेकांना पाठ आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण हे रंग पावसाचे आहेत, नदीचे नव्हेत. पंचगंगेला पूर कोल्हापुरातल्या पावसानं येत नाही. तो गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळ्याच्या डोंगरातून येतो. शहरात ऊन पडलंय, बायकांनी गच्चीवर कपडे वाळत घातलेत आणि नदी तासाला दोन इंचांनी चढतेय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून जिल्ह्याचा अंदाज वाचताना घाट भागासाठी वेगळा इशारा दिलाय का ते बघा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की हवामान खातं त्याला अत्यंत जोरदार म्हणतं. घाटात असे दोन दिवस लागोपाठ गेले तर मी तिसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.

मग धरणं. राधानगरीच्या लक्ष्मी तलावाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. ते कुणाच्या आदेशाची वाट बघत नाहीत, आणि "रात्रीचे दरवाजे कशाला उघडले" म्हणून भांडायलाही समोर कुणी नसतं. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं. सातही उघडले आणि वीजगृहाचा विसर्ग धरला की साडेअकरा हजारांच्या आसपास जातं. "चौथा दरवाजा उघडला" ही बातमी आली तर ते पाणी आत्ता, या क्षणी तुमच्या दारात येत नाही. भोगावतीतून उतरून यायला त्याला काही तास लागतात. तेवढे तास ही तुमची कमाई. बरेच लोक ते बातमी फॉरवर्ड करण्यात घालवतात.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. घागरीनं मोजायचं तर सेकंदाला दोन-तीन घागरी. आणि एक लाख क्युसेक दिवसभर वाहिलं तर साडेआठ टीएमसीहून (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) जास्त पाणी जातं. राधानगरी धरण पूर्ण भरलं तरी त्यात जेमतेम तेवढंच मावतं. पण दरवाजे बंद म्हणून निर्धास्त राहू नका. कासारी, कुंभी, तुळशीचं पाणी आणि धरणांच्या खाली पडणारा मोकळा पाऊस राधानगरीच्या दरवाजांच्या मोजणीत येत नाही.

खालच्या अंगालाही बघावं लागतं. कृष्णा तुडुंब असली की नृसिंहवाडीच्या संगमाशी पंचगंगेला पुढं सरकायला जागा मिळत नाही. पाणी तुंबतं, आमच्याकडं म्हणतात फूग आली. अशा वेळी वरचा पाऊस थांबला तरी पाणी दोन-दोन दिवस हलत नाही. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून टपरीवर वाद घालायला पावसाळा पुरतो. त्या वादाचा आज रात्री घर सोडायचं की नाही याच्याशी काही संबंध नाही.

मोबाइलवर दोन गोष्टी ठेवा: केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत. पण लाइट आणि नेटवर्क गेल्यावर दोन्ही मुकी होतात. सेलवर चालणारा जुना रेडिओ अजून टाकू नका.

आपल्या घराचे दोन आकडे काढा

हे काम मे महिन्यात करायचं, कोरड्या रस्त्यावर उभं राहून.

पहिला आकडा उंबऱ्याचा. मागच्या एखाद्या पुरात घरात किती पाणी होतं ते आठवा किंवा भिंतीवरचा डाग मोजा, आणि त्या वेळच्या राजाराम बंधाऱ्याच्या सर्वोच्च आकड्यातून वजा करा. समजा नदी ५६ वर असताना घरात सहा फूट पाणी होतं, तर उंबरा साधारण ५० ला भिजणार. हा हिशेब इंचाला बरोबर येत नाही, कारण नदीचं पाणी ताटातल्यासारखं सपाट नसतं आणि फूग आली की उतार बदलतो. एक फूट अलीकडचा आकडा धरा.

दुसरा आकडा वाटेचा, आणि खरा हाच. घरापासून उंच रस्त्यापर्यंत चालत जा आणि सगळ्यात खोलगट जागा कुठली ते शोधा. आमच्या गल्लीत ती वाण्याच्या दुकानासमोर आहे. साधा वळीव पडला तरी तिथं डबकं साठतं. पोरांनी जिथं कागदी होड्या सोडल्या तीच जागा पुरात आधी बुडते. तिथं पाणी किती आकड्याला येतं हे जुन्या शेजाऱ्यांना विचारा. आमच्या पलीकडच्या काकू म्हणाल्या, "अरे, ४४ ला दुकानाच्या फळीला लागतंय बघ. ४५ ला माझा जावई लुंगी गुडघ्याच्या वर धरून आला होता." अशी साक्ष कुठल्याही नकाशात मिळत नाही.

आमचा उंबरा ५० चा, वाट ४४ ची. मधल्या सहा फुटांत घर कोरडं असतं आणि आपण त्यात अडकलेले असतो. २०१९ ला आम्ही नेमके तिथं फसलो.

नाल्याकाठी राहणाऱ्यांनी तिसरी गोष्ट तपासावी. जयंती नाल्याला फूग आली की पाणी नदीच्या बाजूनं न येता पाठीमागून, गटारातून, कधी संडासाच्या भांड्यातून वर येतं. खालच्या मजल्यावरच्या भांड्यात आणि मोरीच्या जाळीवर वाळूची पोती दाबून ठेवली तर थोडा वेळ मिळतो. वेळच मिळतो, पाणी अडत नाही.

उलटं गणित

आता वेग आणि वाटेचा आकडा एकत्र करा. संध्याकाळी ६ ला पातळी ४१ फूट ६ इंच, वेग तासाला तीन इंच, वाटेचा आकडा ४४. मधले अडीच फूट म्हणजे ३० इंच, म्हणजे दहा तास. वाट पहाटे ४ ला बंद होणार. कागदावर दहा तास दिसतात, पण त्यातले नऊ अंधाराचे. म्हणून उत्तर "पहाटे निघू" असं नसून "आत्ता, जेवायच्या आधी निघायचं" असं आहे. आमचा घरातला नियम सरळ आहे: वाटेचा आकडा रात्रीतून गाठला जाण्याची शक्यता असेल तर दिवेलागणीच्या आत बाहेर. मग पाणी मध्येच थांबलं आणि सकाळी लोक हसले तरी चालेल. आम्ही एकदा असे फुकटच निघालो. सासुरवाडीत तीन दिवस पाहुणचार झाला, एवढंच नुकसान.

म्हातारी माणसं, गरोदर बाई, तान्हं मूल, डायलिसिसचा पेशंट घरात असेल तर या गणिताच्या भानगडीतच पडू नका. इशारा पातळीला, म्हणजे ३९ ला, त्यांना आधी हलवा.

आबांसारख्या माणसाला हलवणं हे वेगळंच प्रकरण. "चला, धोका आहे" म्हटलं की ते खुर्ची जास्त घट्ट धरतात. आम्ही आता त्यांना वाचनं लिहायला बसवतो. वही त्यांची, पेन त्यांचं. २०२१ ला चौथं वाचन लिहिल्यावर स्वतःच म्हणाले, "पिशव्या भरा रे."

निघताना

पिशवी जूनमध्येच भरून ठेवायची. आधार, रेशन कार्ड, सातबारा, पासबुकं, विम्याचे कागद जाड प्लॅस्टिकमध्ये, आणि सगळ्यांचे फोटो मोबाइलवर. पंधरा दिवसांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक, थोडी सुटी रोकड, कारण लाइट गेल्यावर यूपीआय चालत नाही. प्यायचं पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर. आमच्याकडं महापुरात नळ कोरडे पडले, ही चेष्टा नव्हे: उपसा केंद्रं नदीकाठीच असल्यानं तीच आधी बुडाली. २०१९ ला आणि २०२१ ला अख्खं शहर टँकरच्या मागं धावत होतं.

घर सोडताना मेन स्विच बंद, आणि इन्व्हर्टरची बॅटरी सुटी करून वर. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर घरभर वीज खेळवत असतो, हे विसरलं जातं. पाणी मीटरच्या पेटीपर्यंत आलं असेल तर पेटीला हातच लावू नका. महावितरणच्या १९१२ वर फोन करून बाहेरूनच पुरवठा तोडायला सांगा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि टाकी दोरीनं जखडा, नाहीतर ती तरंगत जाऊन दाराला आतून अडसर घालते. लाकडी दारांना कुलूप लावण्याआधी फळकुटावर घराचा फोन नंबर खडूनं लिहून आतल्या उंच फळीवर ठेवलेला बरा, बाहेर नको. चोरांनाही पूर कळतो.

गाडी उंचावर लावा आणि एकदा पाणी लागलं की चावी फिरवून बघू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर आतला दांडा वाकतो, आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा धरत नाहीत.

जनावरं

२०१९ ला शिरोळ तालुक्यात दाव्याला बांधलेली जनावरं गोठ्यातच गेली. म्हैस पोहणारी जात आहे. तिला पाणी मारत नाही, दावं मारतं. हलवणं जमलंच नाही तर शेवटचं काम म्हणून दावी कापा आणि गोठ्याचं दार उघडं टाका.

पण ती वेळ येऊ द्यायची नसेल तर जनावरांचा आकडा माणसांच्या आकड्यापेक्षा दोन-तीन फूट आधी धरा. चार म्हशी आणि दोन रेडकं घेऊन तीन मैल चालायला अख्खी दुपार जाते. रस्त्यावर ट्रकचे हॉर्न, रेडकू बिथरतं, दुभती म्हैस धारेच्या वेळी अडून बसते. आधी कोरडी वैरण, म्हणजे कडबा आणि पिंजर, ठरलेल्या जागी पोचवा, मग जनावरं. उलटं केलं तर उंचावर बांधलेली उपाशी म्हैस हंबरून हंबरून सगळी वस्ती जागी ठेवते. कानातल्या बिल्ल्याचा आकडा दिसेल असा प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. पुढं पंचनाम्यात "जनावर होतं" हे सिद्ध करायला तोच लागतो.

पाणी आल्यावर

वाहतं पाणी दिसतं त्यापेक्षा जड असतं. वीतभर पाणी जोरात वाहत असेल तर धडधाकट माणसाचा पाय उचलतं, आणि दोन फूट पाण्यात मोटार तरंगायला लागते. पुलावरून पाणी जात असेल तर कितीही कमी वाटो, जायचं नाही. खालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेलाय हे गढूळ पाण्यात दिसत नाही. चालणं भागच असेल तर हातात काठी, पुढचा पाय टाकण्याआधी काठी टेकायची, आणि गटाराच्या झाकणांच्या बाजूनं अजिबात नाही.

अडकलात तर वरच्या मजल्यावर, गच्चीवर जा. माळ्यावर नको, तिथून बाहेर यायला वाट नसते. ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करा. सांगताना जवळची ओळखीची खूण, किती माणसं, किती आजारी एवढंच सांगा आणि फोन ठेवा, बॅटरी वाचवा. खूण म्हणून रात्री टॉर्चचा झोत, दिवसा चटक रंगाची साडी.

बोट आली की घाई होते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. बोटीत किती माणसं बसायची हे बोटवाल्याला ठरवू द्या, आणि तो जास्त घेत असेल तर तुम्ही थांबा. लाइफ जॅकेट असेल तरच पोरांना बसवा. बसल्यावर उभं राहायचं नाही, फोटोसाठी एका अंगाला झुकायचं नाही.

पाणी उतरताना

लोक पाणी पूर्ण जाण्याची वाट बघतात, तिथं चूक होते. गाळ ओला असतो तोवर तो पाण्याबरोबर बाहेर ढकलता येतो. घोटाभर पाणी उरलं असताना खराट्यानं आणि फळीनं लोटत न्या. तोच गाळ दोन दिवस वाळला की फावड्यानं खणावा लागतो. पण आधी फोटो आणि व्हिडिओ: प्रत्येक खोली, प्रत्येक भिजलेली वस्तू, भिंतीवरची रेघ. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत चिखलात राहता येत नाही, आणि साफ केलेल्या घरात नुकसान दिसत नाही.

मातीच्या, भेंड्यांच्या (कच्च्या विटांच्या) भिंतीचं घर असेल तर पाणी गेलं म्हणून लगेच झोपायला जाऊ नका. पाण्यात उभी राहिलेली भिंत पाणी उतरल्यावर, ऊन लागल्यावर बसते. भिंतीला फुगारा किंवा नवी चीर दिसली तर आत स्वयंपाकसुद्धा नको.

कपाटामागं, चुलीत, अंथरुणाच्या वळकटीत साप असू शकतो. प्रत्येक वस्तू आधी काठीनं हलवायची. मण्यारचा दंश दुखतही नाही. रात्री झोपेत चावली आणि सकाळी पापण्या जड झाल्या, पोट दुखायला लागलं तर मांत्रिक नको, पट्टी आवळणं नको, सरळ सरकारी दवाखाना.

वायरमननं बघितल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. विहीर उपसून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय ते पाणी प्यायचं नाही. तोवर उकळलेलं किंवा मेडिक्लोरचे (क्लोरीनचे) थेंब टाकलेलं. गाळ काढताना गमबूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर तर नक्कीच. आठ-पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे वाक्य आठवणीनं सांगा, म्हणजे त्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप) विचार सुचेल. गोळ्या शेजाऱ्याच्या सल्ल्यानं घेऊ नका.

सगळं झाल्यावर एक काम राहतं. पाण्याची वरची रेघ पुसून जायच्या आत तिथं ऑइलपेंटनं आडवी रेषा ओढायची आणि बाजूला तारीख व त्या दिवसाचा राजाराम बंधाऱ्याचा आकडा लिहायचा. आमच्या जिन्याच्या भिंतीवर अशा दोन रेघा आहेत, आणि गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर तिसरी. दिवाळीच्या आधी रंगारी येतो तेव्हा ब्रश हातात धरून हमखास विचारतो, "दादा, ह्या घाण रेघा घेऊ का झाकून?" आबा आतून ओरडतात.